फाटकापाशी मी काय बोलले

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बहिणीला सांगायला एकदा बसले होते, शब्द ओठापर्यंत आले, आणि मी तिला तिच्या गुडघ्यांचं विचारलं. देवापुढं उभी राहते तेव्हाही मी ह्या गोष्टीपर्यंत जात नाही — अलीकडंच थांबते, पोरीसाठी काहीतरी मागते आणि निघते. तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या पोरीशी तुमची कधी गाठ पडणार नाही. म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस करते आहे. आणि तरी बघा — आत्ता दाराची कडी वाजली तर मी हे सगळं गुंडाळून ठेवीन.

कुठून सुरुवात करू? कुंदनपासूनच करते.

पेणच्या पुढं, गोव्याकडं जाणाऱ्या हायवेला, एक हॉटेल होतं. तिथं मी भाकऱ्या करायचे. तांदळाच्या, चुलीवरच्या. शेठनं मला मुद्दाम दर्शनी बाजूला बसवलेलं, गाडीवाल्यांना भाकरी फुगताना दिसली पाहिजे म्हणून. नवरा गेल्यापासून हेच काम. माझी पोर पूर्वा आणि सासूबाई रोह्याकडं आमच्या वाडीत राहायच्या. अष्टमीच्या अलीकडं, रेल्वे फाटकातून आत वळलं की थोड्या घरांची वाडी आहे ती. मी मात्र हॉटेलच्या मागच्या खोलीत राहायचे. सुट्टी मिळाली की घरी.

कुंदन माझ्या शेजारी तंदूरवर होता. गढवालचा, तिकडच्या डोंगरातला. पस्तिशीचा असेल. बायको आणि लहान मुलगी गावी. तो फार चांगला होता असं म्हटलं तर तुम्हाला वाटेल, आता ही मुद्दाम त्याला मोठा करते आहे. तसा काही तो देवमाणूस नव्हता. पत्त्यांत लबाडी करायचा. आपली बिस्किटं लपवून ठेवायचा. गिऱ्हाइकानं भाकरी मागितली की मोठ्यानं ओरडायचा, "रोटी लो साहब, भाकरी में टाइम लगेगा!" मला असा राग यायचा. पण माझं पीठ संपत आलं की न सांगता डबा भरून आणून ठेवायचा तो हाच. मला दीदी म्हणायचा. इतकी वर्षं पेणमध्ये काढलेली, मराठी सगळं कळायचं त्याला. बोलायचा मात्र हिंदीच.

त्याला मराठी कळायचं, हे लक्षात ठेवा.

मग लॉकडाऊन लागला, सगळं बंद झालं. तुम्हालाही आठवत असतील ते दिवस. शेठ म्हणाला, चार दिवसांचा प्रश्न आहे, आणि गाडी काढून आपल्या माणसांत निघून गेला. ज्यांची घरं जवळ होती ते गेले. उरलो आम्ही. भांडी घासणारे ओडिशाचे दोघं भाऊ, एक बंगाली वाढपी, कुंदन आणि मी. माझं घर म्हणायला जवळ, पण गाड्या बंद, रस्त्यावर पोलीस, आणि बाईमाणूस एकटी कशी जाणार?

पहिले दिवस तर आमचे मजेत गेले. फ्रीजमधलं पनीर, कोंबडी — वाया जाणार म्हणून आम्हीच रांधून खाल्लं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ताटात वाढत होतो ते आम्ही पंख्याखाली, गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर बसून जेवलो. बंगाली पोरगा कुंदनला विचारायचा, "सर, और कुछ लेंगे?" — आणि सगळे हसायचे. मग पनीर संपलं. डाळ-भात आला. मग नुसती पेज. शेठचा फोन आधी लागायचा, मग वाजत राहायचा, मग बंदच.

संध्याकाळी बायकोचा फोन आला की कुंदन एका हातानं कढई वाजवायचा. "हां, बहुत रश है आज. बाद में करता हूँ." फोन ठेवायचा आणि रिकाम्या टेबलांकडं बघत बसायचा. मीही पूर्वाला सांगायचे की इथं भरपूर आहे खायला.

हातपाय सगळ्यांनीच हलवून पाहिले. कुंदननं कुणाचा तरी हातगाडा घेतला आणि कांदे-बटाटे विकायला निघाला. पेणच्या एका गल्लीत पोरांनी त्याला विचारलं, कुठला तू? त्यानं खरं सांगितलं. गाडा उलटा करून दिला त्यांनी. मग एका गणपतीच्या कारखान्यात मागच्या दारानं काम मिळालं. तिथले कारागीर गावी पळालेले, मूर्ती नुसत्या पांढऱ्या उभ्या. त्यांना पॉलिश पेपर घासायचं काम. मोबदल्यात जेवण. पांढराफटक होऊन यायचा आणि निम्मी पोळीभाजी माझ्यापुढं ठेवायचा. थोड्याच दिवसांत कुणीतरी तक्रार केली, तेही थांबलं.

ओडिशाचे भाऊ एका पहाटे चालत निघून गेले. आम्ही उठलो तर त्यांच्या गोधड्या घडी घालून ठेवलेल्या. बंगाली पोरगा ट्रकमध्ये ताडपत्रीखाली झोपून गेला. राहिलो दोघं.

आता ती भीती तुम्हाला कशी सांगू? नुसती आजाराची नव्हती ती. फोनवर काय काय यायचं — माणसं उचलून नेतात, परत देत नाहीत, जाळताना तोंडसुद्धा बघू देत नाहीत. खरं किती, खोटं किती, कोण सांगणार? गाडीचा आवाज आला की आम्ही दिवे मालवायचो. स्वतःच्याच खोलीत चोरासारखे. आणि त्यात मी, विधवा बाई, एका परक्या पुरुषाबरोबर बंद हॉटेलात. घरी कळलं तर काय म्हणतील? पूर्वाला मी सांगितलेलं की आम्ही चार बायका आहोत. तेही खोटंच. पण ते नाही मी तुम्हाला सांगायला बसले.

मग मला ताप आला. आधी पाठ धरली, मग अंग तापलं, मग खोकला. कोरडा, पोटातून येणारा. मी दाबून धरायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. कुंदननं त्याच्या पिशवीतली गोळी दिली. लांबून टाकली नाही, हातात दिली. म्हणाला, "किसी को मत बताना दीदी. उठा के ले जाएँगे."

त्याच दिवशी पूर्वाचा फोन. बारा वर्षांची पोर. "आई, ये ना. आजी सारखी रडते. मला भीती वाटते गो." मी म्हटलं, येते. कशी येणार, कुणास ठाऊक. फोन ठेवला आणि कुंदनला म्हटलं, "मला घरी सोड. आमच्या पडवीत राहा तू, गाड्या सुरू होईपर्यंत. तांदूळ आहेत घरात. तुला उपाशी नाही ठेवणार." हे वचन मी दिलं. त्यानं मागितलं नव्हतं.

तो आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, रोह्याच्या कंपन्यांतून वर, त्याच्या मुलखाकडं ट्रक जातात असं ऐकलंय, बघू. म्हणजे त्याचाही काही हिशेब होता. पण तुम्हीच सांगा — तापलेल्या बाईबरोबर, खोकणाऱ्या बाईबरोबर, त्या दिवसांत कोण चालत निघालं असतं?

कोठीत उरलेलं पीठ, तांदूळ, थोडी डाळ आम्ही एका गोणीत भरली. निम्मी त्याची, निम्मी माझी. गोणी त्यानं खांद्यावर घेतली. मी पाण्याची बाटली.

हायवेनं गेलो नाही. पोलीस होते. रेल्वेलाइनच्या कडेकडेनं निघालो, उजाडताना. कासू, नागोठणं, असं. एप्रिलचं ऊन. खडीचा नुसता तवा झालेला. मालगाडी आली की बाजूच्या खड्ड्यात उतरून पाठ करून बसायचं. मी सारखी मागं पडत होते. तो पुढं जायचा, थांबायचा, मागं बघायचा, "चल दीदी, चल," चिडून म्हणायचा. हो, चिडून. मी हळू चालते म्हणून शिव्यासुद्धा घातल्या त्यानं, त्याच्या भाषेत. पण बाटली एकच होती आणि तिला तो माझ्यामागून तोंड लावत होता. मी एकदा म्हटलं, वरून पी. तो म्हणाला, गिरता है, पानी कम है.

मुक्काम एका बंद चौकीच्या आडोशाला केला. मी कण्हत होते. त्यानं त्याचा टॉवेल भिजवून माझ्या कपाळावर ठेवला आणि स्वतः लांब जाऊन बसला. कुणी बघितलं तर नको, म्हणून.

इथपर्यंत सांगणं सोपं आहे. इथपर्यंत मी कुणालाही सांगू शकले असते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आमचं फाटक दिसलं. तुम्हाला काय सांगू, मला रडूच आलं. फाटकाच्या आतल्या बाजूला, वाडीच्या रस्त्यावर, बांबू आडवे बांधलेले. त्याच्या पलीकडं सावलीला पाच-सहा जण काठ्या घेऊन बसलेले, तोंडाला रुमाल. आमचीच माणसं. मी उतावीळ झाले, भरभर चालले, आणि त्या चालण्यानं छातीत उबळ आली. झुडपाआड होतो आम्ही अजून. मी पदर तोंडात कोंबला, तरी आवाज गेलाच. खोकले. दोनदा.

"कोण हाय तिकडं?"

आम्ही पुढं आलो. सगळ्यात पुढं पांडूभावजी होते, माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. वाईट माणूस नाही तो. नवरा गेला तेव्हा सगळं त्यांनीच निस्तरलं. पण त्यांच्याही घरात म्हातारी आई होती, तान्हं पोर होतं. माझ्याइतकेच घाबरलेले होते ते.

"वयनी, तितंच थांब. पुढं येव नको. ह्यो कोण?"

आता ऐका. त्यांच्या मागं, थोड्या अंतरावर, आमच्या घराच्या पायरीवर पूर्वा उभी होती. केस न विंचरलेले. मला बघून ती धावत निघाली आणि कुणीतरी तिला दंडाला धरून मागं ओढलं. मी कुंदनकडं बघितलं नाही. मी म्हटलं, "कोण नाय. वाटेत भेटला."

कुंदन गोणी खांद्यावर घेऊन उभा होता. तो हसला. त्याला वाटलं असणार, बाईमाणूस आहे, लाजेखातर म्हणाली. त्याला मराठी कळत होतं.

"आत्ता खोकला कोण?" पांडूभावजींनी विचारलं. "आम्ही ऐकलाय. खरा सांग गो वयनी. दोघांतला कोण?"

किती वेळ गेला असेल? मला तो फार मोठा वाटतो. आठवते तेव्हा आणखी मोठा होत जातो. त्या वेळात मला बरंच काही सुचलं होतं — मी काही भान हरपून बोलले नाही. मला सुचलं की खरं सांगितलं तर मला आत घेणार नाहीत. मला उचलून नेतील. पोर बघत राहील. मला हेही सुचलं की ह्याचं इथं कुणी नाही. ह्याच्यासाठी कुणी भांडणार नाही.

मी बोट केलं. म्हटलं, "ह्यो."

कुंदनचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर तसंच राहिलं, नुसतं. मग तो म्हणाला, "दीदी, क्या बोल रही है? बुखार तुझे है." मग त्या लोकांना म्हणाला, "झूठ बोल रही है ये. हाथ लगा के देखो इसको. हाथ लगा के देखो!"

खरंच होतं ते. माझ्या कपाळाला कुणी नुसतं बोट टेकवलं असतं तरी कळलं असतं. मी तापानं फणफणत होते. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. पुढं कोण येणार? हात कोण लावणार? कुणी आलं नाही.

पांडूभावजींनी परत माझ्याकडं बघितलं. आणि मी दुसऱ्यांदा बोलले. पहिलं भीतीनं निसटलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. दुसऱ्याचं तसं नाही. दुसरं मी जुळवून बोलले. मी म्हटलं, "मला काय नाय झालंय. त्यालाच ताप हाय. काल रात्रभर कण्हत होता, मी ऐकलाय माझ्या कानानं."

मग काठ्या पुढं आल्या. मारलं नाही कुणी, खोटं नाही सांगत; नुसत्या टोकांनी ढकललं, गुरासारखं. "गोणी ठेव. ठेव गोणी खाली." त्यानं गोणी ठेवली. पळाला का नाही तो? मी अजून विचार करते. पळून कुठं जाणार, म्हणा. फाटकाजवळ भाताची एक बंद गिरणी आहे, पत्र्याची. सरकारी माणसं येईपर्यंत त्याला तिच्यात ठेवायचं ठरलं. आत ढकलून बाहेरून कडी घातली. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं की नाही, मला सांगता येत नाही. मी खाली गोणीकडं बघत होते.

"घे वयनी तुजा सामान," पांडूभावजी म्हणाले. "आन घरातच ऱ्हा. कुठं फिरू नको."

मी गोणी ओढत घरात नेली. त्यातलं निम्मं त्याचं होतं. आम्ही ते खाल्लं.

गिरणी आमच्या परसापासून लांब नाही. पत्र्यावरची थाप घरात ऐकू यायची. धड, धड, धड — मग थांबायची. मग परत. तो पाणी मागायचा. पोरं खालच्या फटीतून बाटली सरकवायची, भात सरकवायची, आणि लांब पळायची. तो ओरडायचा, "मैं ठीक हूँ! मुझे कुछ नहीं है!" आणि मी आत, गोधडीत, तोंडात फडकं धरून खोकत होते. सासूबाई माझ्या उशाशी बसायच्या. मी त्यांना लांब बसा म्हटलं. नाही, खरं सांगते — म्हटलं नाही. म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं त्यांनी. उन्हानं झालंय, एवढंच म्हणाले. त्यांनी माझे पाय चेपले.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती, सांगू? मरणाची नाही. तो माझं नाव घेईल, लोक ऐकतील, आणि कुणीतरी येऊन माझ्या कपाळाला हात लावील, त्याची. प्रत्येक थापेला मी गोधडी डोक्यावरून ओढायचे.

मग तोही खोकायला लागला. खराखुरा. माझीच बाटली, माझाच टॉवेल. वाडीतले म्हणाले, बघा, वयनी बोलली तसंच निघालं. माझं खोटं खरं झालं आणि आता ते खोडायला कुणीच उरलं नाही.

आणि मग एका सकाळी थापा थांबल्या. वाट बघितली. काही नाही. नुसते कावळे. आता जे लिहिते आहे ते लिहिण्यासाठीच बहुतेक हे सगळं लिहायला घेतलं — त्या शांततेत मला आधी बरं वाटलं. सुटल्यासारखं. तो मेला असेल का, हा विचार त्यानंतर आला. त्यानंतर.

मेला नव्हता. ताकद संपली होती. दुपारी गाडी आली, पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. दाराच्या फटीतून मी बघितलं. दोघांनी धरून त्याला चालवत नेलं. दाढी वाढलेली, पॅन्ट ओली. आमच्या घराकडं त्यानं मान वळवली नाही.

आठवड्याभरात सासूबाईंना धाप लागली. त्यांनाही गाडीतून नेलं. जाताना त्या पूर्वाला म्हणाल्या, "पोरी, मांजराला दूध घाल." परत आल्या नाहीत. फोन आला, नाव विचारलं, सांगितलं. तोंड बघायला मिळालं नाही. तोवर मी बरी झाले होते. माझी तपासणी झाली ती त्यांना नेल्यावर, तिच्यात आजार निघाला, आणि सगळ्यांनी आपापलं जुळवून घेतलं — त्या माणसाकडून वाटेत मला लागला, माझ्याकडून म्हातारीला. पांडूभावजी ओट्यावर बसून रडले. म्हणाले, "त्या भाड्यानं आमची काकी खाल्ली." पूर्वा तिथंच होती. मीही होते. मी तोंडाला पदर लावून बसले. लोकांना वाटलं, रडते आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला एक फोन आला. अनोळखी नंबर. मला वाटलं शेठ असेल, हॉटेल उघडायचं असेल, म्हणून उचलला.

"दीदी, घर पे सब ठीक?"

बस, एवढंच. मागं कुठंतरी लहान मुलीचा आवाज येत होता. म्हणजे तो पोचला होता घरी. जिवंत होता. तो खरंच विचारत होता की मला टोचत होता? त्याच्या आवाजावरून मला कळलं नाही. मी एवढी वर्षं त्याच्या शेजारी बसले होते, त्याच्या आवाजातली लबाडी मला एका शब्दात कळायची, पण त्या दिवशी नाही कळली. मी म्हणाले, "रॉंग नंबर." आणि ठेवून दिला. मग नंबर ब्लॉक कसा करायचा ते पूर्वाकडून शिकून घेतलं. कंपनीवाले सारखे फोन करतात, असं सांगितलं तिला.

हॉटेल नंतर उघडलं, पण शेठनं ते विकलं होतं. मी गेले नाही. तिथल्या कुणी विचारलं असतं, कुंदन तुला सोडायला आला होता ना, मग? त्या प्रश्नाच्या भीतीनं मी अजून पेणला उतरत नाही. बसमधून जावं लागलं तर डोळे मिटून घेते.

आता आम्ही रोह्याजवळ वरश्याला असतो. इथं नवीन बिल्डिंगा झाल्यात, मी घरून डबे करते. पूर्वा मोठी झाली, कॉलेजात जाते, हुशार आहे. आजीचा फोटो तिच्या टेबलावर असतो. ती माझ्यापेक्षा धीट आहे, मला कुणी वेडंवाकडं बोललं तर भांडते. एकदा मैत्रिणीला सांगत होती, माझ्या आईला वाटेत एकानं आजार दिला, आईनं वाडीतल्या लोकांना वेळेवर सावध केलं, नाहीतर अख्खी वाडी गेली असती. अभिमानानं सांगत होती. तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे ना. फाटकापाशी, मी बोट करताना.

परवाची गोष्ट. आमच्या मागची खोली भाड्यानं द्यायची म्हणून खाली पाटी लावली होती. दुपारी एक माणूस आला. बरोबर बायको, कडेवर पोर. इथल्या एका हॉटेलात नव्यानं लागला होता, स्वयंपाकी म्हणून. हिंदी बोलत होता, डोंगराकडची. मी आत होते. तो आवाज ऐकला आणि मी होते तिथंच थांबले. कुंदन नव्हता, दुसराच होता, पुष्कळ तरुण. पण हेल तोच.

पूर्वानं दार अर्धंच उघडलं होतं. ती म्हणाली, "बाहेरच्यांना देत नाही आम्ही."

तो म्हणाला, "मैडम, एडवांस देंगे. फैमिली है."

ती म्हणाली, "माझी आजी तुमच्यातल्याच एकामुळे गेली. जा तुम्ही."

त्याला काही कळलं नसावं. तो "जी" म्हणाला. बायको जिन्यातच बसली होती, ती उठली. पोर रडायला लागलं, त्याला पाणी हवं होतं. पूर्वानं दार लावून घेतलं.

दारापर्यंत चार पावलं होती. मी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी राहिले. जिन्यातलं पोराचं रडणं खाली खाली जात गेलं, रस्त्यावर गेलं, ऐकू येईनासं झालं. मग मी बाहेर आले. पूर्वानं विचारलं, "आई, बरोबर केलं ना मी?"

मी म्हटलं, "व्हय."